लस टोचल्याच्या दुसऱ्या दिवशी

मॅडमच्या अंत्यविधीला मी आज गेले नाही.

सकाळी साताऱ्याहून फोन आला. "लगेच निघालीस तर पोचशील."
मी आष्ट्याच्या पुढं एका गावात, लताकाकींच्या गोठ्यासमोर उभी होते. निघाले नाही.

मोहिते मॅडम माझ्या गाइड. जनावरांच्या डॉक्टरांना गावाशी बोलायला शिकवायच्या. आता मीही तेच शिकवते.

त्यांचा एकच हट्ट. लस टोचली की दुसऱ्या दिवशी त्याच गावात परत जायचं.
"टोचून कुणीही पळतं गं. परत जाऊन ऐकून घेणं, हे आपलं खरं प्रॅक्टिकल."

पलूसकडं एकदा एका आजोबांनी आम्हाला दारातूनच हाकललं. मॅडम बाहेर कट्ट्यावर बसून राहिल्या. चहा येईपर्यंत!

काल माझ्या पशुवैद्यकीच्या, एमव्हीएस्सीच्या पोरांनी गावातल्या जनावरांना लम्पीची लस टोचली. निम्मी जनावरं आजसाठी ठेवली होती.
त्यांच्यातला सौरभ माइकवर फर्डं बोलला. फक्त लशीनंतर दोन-चार दिवस दूध घटू शकतं, एवढंच गाळलं. सांगितलं तर लोक टोचूच देणार नाहीत, ही भीती.

आज काकींची गाय तापलेली. दूध निम्म्यावर. गावभर बोभाटा.
शेजारच्या गावात लम्पी आलाय. गाव काकींचं ऐकतं; त्या बिथरल्या असत्या, तर उरलेल्या एकाही जनावराला कुणी हात लावू दिला नसता.

"काल त्वांड शिवलं हुतं व्हय रं तुजं?"
सौरभ माझ्याकडं बघायला लागला. मी मुद्दाम त्यालाच बोलू दिलं. मॅडमनीही तेच केलं असतं.

"चुकलं, काकी. तुम्ही नको म्हणाल म्हणून बोललो नाही. ताप उतरेल, दूधही परत येईल. तोवर मी रोज येतो."

काकींनी त्याला मनसोक्त झाडलं. मग शेजारी हाक मारली, "शोभे, घे गं ह्यास्नी आत. पर आदी समदं इचारून घे!"

तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

"आवं मॅडम, मी त्या पोराला बोलले. तुमास्नी न्हाई."
"तसं नाही काकी. माझ्या मॅडम गेल्या आज."
"अगं बाई! मग हितं काय करतायसा?"

"त्यांनीच पाठवलंय," म्हटलं.

मॅडम, उरलेली सगळी जनावरं टोचून झाली.
उद्या परत जायचंय.

तुम्हाला मनापासून श्रद्धांजली.