बोटीवरच्यासारखे कपाट

निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण लोणावळ्याची ती दुपार अजूनही विसरता येत नाही. तेव्हा राज्यात कडक दारूबंदी होती आणि मी लोणावळ्याला फौजदार होतो. भात झोडणीचे दिवस होते. सकाळची हजेरी आटोपली होती, रात्रीचे दोन आरोपी कोर्टात पाठवून झाले होते आणि मी स्टेशन डायरी वाचत बसलो होतो. तेवढ्यात सरकारी दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला.

"फौजदारसाहेब, ताबडतोब या. एका माणसाला दिसेनासे झाले आहे."

पेशंट मुंबईचा होता. चाळिशीतला, बायकोबरोबर चार दिवस हवापालटासाठी आलेला. सकाळपासून उलट्या होत होत्या, पोट धरून तो कण्हत होता आणि नजर हळूहळू जात होती. डॉक्टर मला व्हरांड्यात घेऊन गेले. "विषारी दारू आहे, मला खात्री आहे. पॉलिशमध्ये वापरतात तसले स्पिरिट. पण बाई म्हणतात, लिंबू सरबताशिवाय काही घेतले नाही."

बाई बाकावर पदर घट्ट धरून बसल्या होत्या. माझी वर्दी दिसताच त्यांनी मान खाली घातली. परमिट नसताना पिणे हा गुन्हा होता, आणि पोलीस आले म्हणजे नवऱ्याला बेड्याच पडणार, असे त्यांना वाटत होते. मी टोपी काढून शेजारी ठेवली आणि त्याच बाकावर बसलो.

"बाई, परमिटचे मी विचारत नाही. ती वस्तू कुठून आली तेवढे सांगा. अजून कोणी पीत असेल तर त्याचीही हीच गत होईल."

त्या अगदी हळू म्हणाल्या, "खोलीतल्या कपाटातली."

हॉटेल कोणते ते मला लगेच कळले. टेकडीच्या अंगाला एक जुना बंगला होता आणि त्याच्या मालकाने वीसेक वर्षे प्रवासी बोटींवर नोकरी केली होती. त्या बोटींतल्या पहिल्या वर्गाच्या केबिनमध्ये पाहुण्यासाठी छोटे कपाट असायचे. हव्या त्या बाटलीचे बूच काढावे, निघताना बिलात लागते. लोणावळ्यात हॉटेल काढल्यावर त्याने प्रत्येक खोलीत तसेच कपाट भिंतीत बसवून घेतले होते. आत सोडा, सरबत, बिस्किटे. पाहुण्यांना त्याचे भारी अप्रूप होते. एका तपासणीच्या वेळी मी स्वतः ती कपाटे पाहिली होती, पण सरबताच्या मागे सरकती फळी आहे हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

हवालदार आणि दोन शिपाई घेऊन मी तिथे गेलो. मालक दारातच उभा होता. पांढरा स्वच्छ कोट, बोलणे नम्र. "साहेब, आमच्याकडे फक्त लिंबू-सोडा. आपण पाहूनच गेलात."

कपाटे उघडली. फळीमागचे कप्पे रिकामे होते, पण लाकडाला वास येत होता आणि फडके नुकतेच फिरले होते. म्हणजे पाहुण्याला दवाखान्यात नेल्याबरोबर सगळा माल हलवला गेला होता. पुरावा गेला याचे मला त्या क्षणी काही वाटले नाही. त्या बाटल्या आता कोणाच्या हाती आहेत, हा विचार मात्र मला सोडेना.

मी मालकाला ऑफिसात बसवले. त्याने तीनदा तेच उत्तर दिले. अशा माणसाला दरडावून उपयोग नसतो. आयुष्यभर त्याने चिडलेल्या प्रवाशांची बोलणी हसतमुखाने ऐकलेली असतात. मी त्याला एवढेच सांगितले, "तुमच्या पाहुण्याला दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, नजर परत येईलच असे नाही."

त्याच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. तो खुर्चीच्या कडेला सरकला. "मला वाटले पोट बिघडले असेल. साहेब, आधी माल खरा होता. तो मिळेना म्हणून कामशेतच्या बाजूच्या एकाकडून घेतला. तो जुन्या बाटल्यांत भरून देत होता. मी चव घेतली नाही हो."

"बाटल्या कुठे आहेत?"

"माळ्याला दिल्या. घळीत नेऊन फोड म्हटले."

माळी जवळच्या औंढे गावचा होता. तिशीचा, काटक माणूस. तो बागेत वाफे खुरपत होता, पण खुरपे एकाच जागी चालले होते. "व्हय साहेब, म्या समद्या फोडल्या," तो म्हणाला. हवालदार घळीत उतरला आणि काचा गोळा करून वर आला. बुडे आणि गळे जुळवले, मालकाने सांगितलेल्या हिशोबाशी ताडून पाहिले. एक बाटली कमी होती.

"घळ लय खोल हाय. गेली आसंल घरंगळत," माळी म्हणाला. हवालदाराचा आवाज चढला तसा तो पुन्हा खुरपायला वाकला. दारू बाळगली म्हणून गावातल्या कोणाला तरी सजा झालेली त्याने पाहिली असणार. त्याला धमकी देणे म्हणजे त्याचे तोंड कुलूप लावून बंद करण्यासारखे होते. आणि तो सारखा उन्हाकडे बघत होता. सूर्य कलायला लागला होता.

मी त्याला जीपमध्ये घातले आणि दवाखान्यात नेले. काही न बोलता पाहुण्याच्या खाटेपाशी उभे केले. खिडकीतून दुपारचे लख्ख ऊन खाटेवर पडले होते. पाहुणा बायकोचा हात चाचपत म्हणाला, "अगं, अंधार पडला तरी यांनी दिवा लावला नाही का?"

माळ्याने माझा दंड धरला. फौजदाराच्या अंगाला हात लावतोय याचेही त्याला भान नव्हते. "साहेब, येक बाटली आमच्या आबास्नी दिली. दुपारच्याला भाकर खायाला गेलतो तवा. झोडणीनं अंग लय दुखतंय म्हनत व्हते. साहेब, चला, बिगीबिगी चला!"

औंढे काही लांब नाही, पण त्या दिवशी तो रस्ता संपता संपेना. बैलगाडीमागे जीप अडकली की माळी उभा राहून ओरडायचा. गावाबाहेरच्या खळ्यावर माणसे भात झोडत होती. पोलिसांची जीप दिसली मात्र, हातातल्या पेंढ्या टाकून सगळी माळाच्या दिशेने पळत सुटली. त्यांतल्या एकाच्या काखेत काहीतरी होते, ते मला स्पष्ट दिसले.

मी ड्रायव्हरला थांबायला सांगितले. आम्ही मागे लागलो असतो तर ती माणसे आणखी पळाली असती. माळी एकटाच उडी मारून धावला. "आरं थांबा! बाटलीला त्वांड लावू नका! इख हाय त्यात, इख!" त्याचा आवाज चिरकत होता. काखेत बाटली असलेला त्याचा धाकटा भाऊ होता. तो थांबला, वळला. त्याने बाटली आणून माझ्यापुढे ठेवली. ती थोडी रिकामी झाली होती.

"कोणी घेतली?"

"आबानं. आमी सांजच्याला घेनार व्हतो."

आबा, म्हणजे माळ्याचे वडील, खळ्याच्या कडेला बसले होते. पळण्याचे वय नव्हते. "मला काय झालंय? कुटं न्हेताय मला? मी ठणठणीत हाय," म्हणून ते हसले. खरेच ठणठणीत दिसत होते. त्यामुळेच माझी काळजी वाढली. त्यांना जीपमध्ये घालून आम्ही दवाखान्यात आणले.

डॉक्टर म्हणाले, "हे विष लगेच बोलत नाही. उद्या बोलेल, तेव्हा उशीर झालेला असेल. यावर उतारा चांगल्या दारूचाच. मोजून, ठरावीक अंतराने पाजत राहायची. पण दवाखान्यातली ब्रँडी पहिल्या पेशंटवरच संपली. पुण्याहून यायला फार वेळ जाईल."

ठाण्यात पकडलेल्या मुद्देमालात दारू होती, पण हातभट्टीची. तिच्यात काय असेल याची हमी कोण देणार? मी ठाण्यावर गेलो. मालकाला शिपायांनी अटक करून आणले होते; तो कोठडीत गजांना टेकून बसला होता. मी त्याला सगळे सांगितले. वकिलाने काही कबूल करू नका म्हणून निरोप पाठवला होता, हे मला ठाऊक होते.

"माझ्या खोलीत लोखंडी ट्रंक आहे," तो अखेर म्हणाला. "तळाशी शालीत गुंडाळलेली ब्रँडी आहे. शेवटच्या सफरीत कप्तानाने दिली. सील तोडलेले नाही. तिचाही गुन्हा लावा साहेब, पण म्हाताऱ्याला द्या."

कंपाउंडर आणि शेजारचा दुकानदार यांना पंच करून मी ती बाटली उघडली, पंचनामा केला आणि डॉक्टरांच्या हाती दिली. दारूबंदीच्या राज्यात फौजदाराने पंचांसमक्ष दारू पाजायला दिल्याचा दुसरा प्रसंग मला माहीत नाही. आबांना पहिला डोस दिला तेव्हा माळी पायांशी बसून सारखा विचारत होता, "आबा, मी दिसतो का?"

दुसऱ्या दिवशीही तो दिसत होता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. आबा चालत घरी गेले.

बाटल्या भरून देणारा कामशेतच्या अलीकडे एका गोदामात सापडला आणि त्याला मोठी सजा झाली. हॉटेलमालकालाही झाली. त्याने ब्रँडी स्वतःहून दिल्याचे मी साक्षीत सांगितले, आणि न्यायाधीशांनी सजा देताना ते विचारात घेतले. माळ्याला आम्ही साक्षीदार केले.

या प्रकरणात बाई, मालक आणि माळी, तिघेही माझ्याशी खोटे बोलले. माणूस खोटे बोलू लागला की तो काय लपवतो, याच्या मागे आम्ही पोलीस लागतो. तो कशाला घाबरला आहे, हे आधी पाहावे, एवढे मी त्या दुपारी शिकलो. पुढे कुठल्याही ठाण्यात असा तपास आला, की मी पहिल्यांदा सांगत असे, "तू काय केलेस ते नंतर. आत्ता धोका कोणाला आहे, ते बोल."

मुंबईच्या पाहुण्याची नजर मात्र परत आली नाही. खटल्याच्या दिवशी बाई नवऱ्याचा हात धरून कोर्टाच्या पायऱ्या चढत होत्या. साक्ष झाल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावले. "साहेब, डॉक्टरांनी विचारल्या विचारल्या मी खरे सांगितले असते, तर यांचे डोळे वाचले असते का?"

"नाही बाई," मी म्हणालो. "काही फरक पडला नसता."

डॉक्टर त्यानंतर कितीतरी वर्षे लोणावळ्यात होते. आमची वरचेवर भेट व्हायची. पण मी बाईंना सांगितले ते खरे होते का, हे मी त्यांना कधीच विचारले नाही.