कोडोलीची मोटार आणि दुकानातलं लिनक्स

शनिवार, १७ फेब्रुवारी २००७, दुपार. ठिकाण – कोल्हापूर, राजारामपुरी, आमचं डीटीपीचं दुकान. हजर – मी, माझे धाकटे दीर सुहास आणि कोडोलीचे कांबळे सर, निवृत्त शिक्षक. चौथं कोणी नव्हतं. हे आधीच लिहिते, कारण ऐकणारे पहिल्यांदा तेच विचारतात.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. संगणक बिघडला तर काहीतरी कारण असतं. ते शोधायचं आणि पुढच्या कामाला लागायचं.

गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसना कंटाळून सुहासनी दोनपैकी एका संगणकावर विंडोज काढून लिनक्स टाकलं होतं. बाहेरचा पेन ड्राइव्ह आधी त्यालाच लावायचा, असा दुकानाचा नियम. पण त्यावर अँटिव्हायरस नव्हता, आणि त्यावरून आमचं रोज वाजायचं.

“वहिनी, लिनक्सला व्हायरस लागत न्हाय.”

“त्याला नसेल लागत, भावजी. पण त्याच्याकडून दुसऱ्या संगणकात आणि तिथून गिऱ्हाइकाच्या घरी जातोच की.”

त्या दुपारी वैतागून त्यांनी एक फुकटचा अँटिव्हायरस टाकला. “घ्या. आता थंडी वाजू नये म्हणून स्वेटर पण विणा त्याला.”

तेवढ्यात कांबळे सर आले. त्यांच्या पत्नी सुशीलाबाई आदल्या वर्षी वारल्या. त्या पंचशील म्हणत असताना मुलानं मोबाइलवर त्यांचा आवाज घेतला होता. पहिल्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला नातेवाइकांना सीडी द्यायची होती. मोबाइल मध्यंतरी बिघडला, त्यामुळे आवाज उरला तो फक्त या पेन ड्राइव्हमध्ये. मुलानं नेट कॅफेत बसून सगळं एका झिप फाइलमध्ये भरून दिलं होतं.

पेन ड्राइव्ह लावला, तपासणी सुरू केली. झिपमध्ये व्हायरस सापडला. ‘सापडेल ते काढून टाक’ यावर आधीच खूण होती... अख्खी झिप गेली. व्हायरसही आणि आवाजही.

सुहासनी पुसलेलं परत आणायचे प्रोग्रॅम चालवले. फाइलचं नाव मिळालं, आत काही नाही. सर रागावले नाहीत. चष्मा पुसत राहिले.

“बघा जमतंय का. न्हाय जमलं तर...”

आणि लिनक्सच्या स्पीकरमधून बाईमाणसाचा आवाज आला. खणखणीत, कामाच्या घाईतला –

“अवो, मोटार बंद केलीसा का?”

सर उभे राहिले. “हिचाच आवाज.” मग जरा थांबून म्हणाले, “पण हे त्यात नव्हतं. त्यात निस्तं पंचशील हाय.”

त्यांनी आमच्या फोनवरून कोडोलीला शेजाऱ्यांना फोन लावला. सकाळी विहिरीवरची मोटार चालू करून ते तसेच एसटीत बसले होते. शेजारी पळत जाऊन बंद करून आले. पाणी संपून मोटार कोरडीच फिरत होती, हात लावायची सोय नव्हती इतकी तापली होती.

“स्पीकरनं रेडिओ पकडला आसंल,” सुहास म्हणाले.

“रेडिओवर कोडोलीच्या मोटारीचं सांगतात का, भावजी?”

एरवी त्यांनी उलट काहीतरी ऐकवलं असतं. त्या दिवशी संगणकाकडे वळले. मग त्यांनी सगळी डिस्क पालथी घातली. आवाजाची एकही फाइल नाही. पुन्हा तपासणी केली – सगळं स्वच्छ. आवाज पुन्हा आला नाही. सीडीही झाली नाही.

लिनक्सला अँटिव्हायरस हवा का, असं बरेच जण विचारतात म्हणून सांगते. फक्त स्वतःचं काम असेल तर नसला तरी चालतं. चार लोकांचे पेन ड्राइव्ह लावत असाल तर टाका, पण सापडलेलं बाजूला ठेवायला सांगा, पुसायला नको. बाकी त्या दिवशी काय झालं, ते आम्हा तिघांनाही आजवर उमगलेलं नाही.

पुढे तो संगणक बदलला. डिस्क काढून कपाटात ठेवली. कांबळे सर कोल्हापूरला आले की चहाला येतात आणि निघताना विचारतात, “हाय न्हवं अजून?”

“आहे.”

“ऱ्हाऊ दे मग.”

दर वर्षी नव्या डायरीत राहिलेली कामं उतरवते, तेव्हा ‘लिनक्सची जुनी डिस्क पुसणे’ हेही उतरवते. बाकीच्या कामांवर खुणा होतात. हे काम अजून बाकी आहे.