फूटपाथवरची स्कूटर

बाबांची नजर अधू झाली आणि त्यांचं एकट्यानं बाहेर पडणं सुटलं. आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही असा माणूस, आता माझ्या भावाचा दंड धरून दवाखान्यात जायचा, तेही गप्प. बघून माझा जीव तुटायचा.

मी कोथरूडच्या एका छोट्या ऑफिसात काम करते. फोनच्या कॅमेऱ्यातून समोरचं बघून चालणाऱ्याला बोलून सांगेल, असं ॲप आम्ही करत होतो. पहिलं बाबांच्या हातात द्यायचं, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. त्यातल्या मॉडेलला, म्हणजे फोटोतलं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला, शिकवायला रस्त्यांच्या फोटोंचे दोन गठ्ठे होते; जे ओळखायचं, ते त्यात रंगवलेलं. एकात माणसांनी फक्त गाड्या रंगवलेल्या, दुसऱ्यात फक्त फूटपाथ. दोन्ही एकत्र करून शिकवलं आणि घात झाला. रस्त्यावरची स्कूटर मॉडेलला बरोबर दिसायची, फूटपाथवर लावलेली दिसेचना. आता पुण्यात स्कूटर फूटपाथवर नाही लावायची तर काय देवघरात? ॲप खुशाल सांगायचं, "पुढे काही नाही." बाबा गेले असते थेट हँडलवर!

साहेब म्हणाले, "सगळे फोटो परत रंगवून घ्या." म्हटलं, अहो, वर्ष जाईल त्यात!

चिडूनच घरी आले. जेवताना बाबांच्या फिरण्याचा विषय काढला, तर भाऊ म्हणतो, "त्यांना कुठे जायचंय? कधी बोललेत का?"

"तू विचारलंस कधी?" मी खेकसले. "विचारायचं नाही, आणि वर म्हणायचं त्यांना नकोय!"

बाबांनी ताटावरून मान वर केली. "मला जायचंय," म्हणाले.

माझा घास हातातच राहिला. फूटपाथ रंगवणाऱ्यांना स्कूटरबद्दल आम्ही तरी कुठे विचारलं होतं? त्यांनी स्कूटरची जागा कोरी सोडली, आणि कोरं म्हणजे काही नाही, असं आम्हीच मॉडेलला शिकवलं.

दुसऱ्या दिवशी नियम बदलला. ज्या गठ्ठ्यात गाड्या रंगवायला सांगितल्याच नव्हत्या, तिथल्या कोऱ्या जागेला मॉडेल 'गाडी' म्हणालं, तर शिकवताना ती चूक धरून मार्क कापायचे नाहीत. बस्स, एवढंच. फोटो तेच, रंग तेच. नव्यानं शिकलेल्या मॉडेलनं फूटपाथवरच्या स्कूटरी पटापट टिपल्या. "अगं बाई!" मी ऑफिसात ओरडलेच.

रविवारी सकाळी बाबांच्या गळ्यात फोन अडकवला. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचं ठरलं. मी सोसायटीच्या फाटकाशी जीव मुठीत धरून उभी. फोन बोलला, "समोर गाडी." बाबा थांबले, काठीनं चाचपलं, गाडीच्या मालकाचा मनसोक्त उद्धार केला आणि वळसा घालून पुढे गेले. कोपरा आला. आता वळतील, म्हणून मी बघत होते. ते वळले नाहीत, सरळ चालत राहिले.

हाक ओठांवर आली होती. मी मारली नाही.