तासभर भलतीसाठीच प्रार्थना

"आजी, आज ती हरली ना, की मीपण रॅकेट माळ्यावर टाकणार," नातीने जाहीर केलं.

ती म्हणजे दक्षिण अमेरिकेतली टेनिसपटू. नात रोह्यातल्या कंपनीच्या कॉलनीत, कोर्टावर, तिच्यासारखाच बॅकहँड मारायला बघते. मागचे तिन्ही सामने आमची पोरगी हरली होती आणि रविवारी पेणला चौथा होता.

त्या टेनिसवाल्या बाईची कारकीर्द मला कधी उमगली नाही. विशीत जगातल्या पहिल्या विसांत होती म्हणे. मग मनगटाचं ऑपरेशन झालं, वर्षभर घरी बसली. परत आली तर नंबर कुठल्या कुठे घसरलेला, आणि मोठ्या स्पर्धेत शिरायला आधी छोटे सामने जिंकून दाखवायचे.

"म्हणजे मामलेदाराने पुन्हा तलाठ्याची परीक्षा द्यायची?"

"व्हय गो आजी, तसंच."

दुपारी सामना लागला. मी देव्हाऱ्यातले गणपती आणि अन्नपूर्णा उचलून पाण्याच्या पातेल्यात ठेवले. देव पाण्यात घालायचे तर नुसते तोंडाने कशाला? टीव्हीत खालच्या बाजूची ती आपली, एवढं विचारून घेतलं आणि हात जोडून बसले. दोघींचे फ्रॉक एकाच रंगाचे, दोघींच्या वेण्या. पंधरा, तीस, चाळीस. मध्येच पंचेचाळीस कुठे गेले ते देव जाणे.

शेवटी खालची जिंकली. "जिंकली गो!" मी टाळ्या पिटल्या.

नात रडत होती. "आजी, ती दुसरी आहे. दर दोन गेमनंतर बाजू बदलतात."

तासाभरातला निम्मा वेळ मी प्रतिस्पर्धी बाईसाठी देव भिजवत होते. नात रडता रडता हसली, आणि तशीच उठून आतलं स्टूल दारापर्यंत ओढत आणलं. माळ्यासाठी.

तेव्हा मला बोलावं लागलं. "बस. शाळेत असताना मी खो-खोत होते. पेणला फायनल होती. आदल्या दिवशी चांगल्या पायाला पट्टी बांधली आणि लंगडत फिरले."

"तू तर पाय मुरगळला होता म्हणतेस ना?"

"नाय. हरेन म्हणून घाबरले. पट्टी तरी धड बांधावी! सकाळी डाव्या पायाला, संध्याकाळी उजव्या. एवढी हुशार मी."

"आजोबांना माहीत होतं?"

"त्यांनापण नाय."

टीव्हीवर हरलेली ती बॅग भरत होती. कोणीतरी माईक पुढे केला. नात ऐकत राहिली. "पुढच्या आठवड्यात दुसरीकडे खेळणार म्हणते."

"हरून?"

"व्हय."

"कशाला?"

स्टूल दारातच राहिलं. नात रॅकेट मांडीवर घेऊन मुठीची सुटलेली पट्टी गुंडाळू लागली.

"रविवारी सकाळच्या गाडीने जाऊ," म्हणाली. "तू येशील?"

येईन म्हटलं खरं. पण ही चौथ्यांदा हरली तर तिला काय सांगायचं, ते काही मला अजून सुचलेलं नाही.