माथ्यावरचा नर वेल

पारूच्या पोटात दुखायचं ते एकाच बाईमुळं, धाकट्या जावेमुळं. जयवंती तिचं नाव. दोघी मासवणकडच्या एकाच पाड्यातल्या, दोघींच्या घरांमध्ये एक कुडाची भिंत, आणि श्रावणात दोघी पालघरच्या बाजारात शेजारी-शेजारी रानभाजी घेऊन बसायच्या. पण गिऱ्हाईक यायचं ते जयवंतीकडं. बोईसरच्या कॉलनीतल्या बाया तर पारूची टोपली ओलांडून जायच्या आणि वर तिलाच विचारायच्या, "कंटोलीवाली मावशी आज आली नाही का?" सांगा बरं, कुणाचं डोकं फिरणार नाही?

पूर्वी असं नव्हतं. डोंगराचा पायथा पारूचा आणि माथा जयवंतीचा. भाजीच्या जागा सासूनंच तशा वाटून दिलेल्या. एकीच्या जागेत दुसरीनं हात घालायचा नाही. तेव्हा पायथ्याला कंटोलीचे, म्हणजे करटोलीचे, वेल मोप होते, आणि माथा चढता-उतरता जयवंतीचे गुडघे बोलायचे. पारू गालातल्या गालात हसायची. मग झाडं तुटली, उन्हाळे तापले, घाणेरी-रानमोडीचं तण माजलं, आणि कंटोली पायथ्याची उठली ती वर वर सरकत गेली. आता राहिली ती माथ्यावर, गारव्याला, बोटांवर मोजण्याइतकी. त्याच्या वर कुठं जाणार? वर आभाळ!

पारूला मात्र एवढंच दिसलं, की माझं गेलं ते हिच्या पदरात पडलं. "डोंगराला पण तीच लाडकी," ती चुलीशी पुटपुटायची आणि भाकरी करपवायची.

शेवटी चैत्रात, जयवंती वीटभट्टीवर गेलेली असताना, पारू पहार घेऊन माथ्यावर चढली. वेल वाळून गेलेले, कंद जमिनीखाली. जावेची जागा उकरताना एकदा तरी मागं वळून बघितलं का? छे! तिनं चांगला गलेलठ्ठ कंद उपटला, पदरात बांधला आणि आपल्या कुंपणाशी आणून पुरला. कंटोलीत नराचा वेल वेगळा, मादीचा वेगळा, आणि फळ धरतं ते मादीलाच, तेही जवळपास नर असला तरच. पाड्यातल्या पोरीसोरींनाही हे ठाऊक. पण ते कळतं फुलावरून. नुसत्या कंदाकडं बघून कोण सांगणार? आणि रागाच्या भरात पारूला तेवढं सुचलंही नाही.

पावसात वेल तरारला, पिवळ्या फुलांनी भरला. पारू रोज उठून फुलाखाली बोट लावून बघायची. मादीच्या फुलाखाली इवलं काटेरी फळ असतं. इथं एकालाही नाही. नर! "मुडदा बशिवला मेल्याचा!" ती वेलावर खेकसली.

त्याच दिवशी जयवंती डोंगरावरून रिकामी टोपली घेऊन उतरली. "पारूबाय, फुलं येतान अन् गळून जातान. माथ्यावर नर येकच व्हता, त्योच दिसत नाय."

खरं सांगायचं तर पारूला आधी बरं वाटलं. मग ती घाईनं कुंपणाकडं सरकली.

कारण जयवंतीची नजर कुंपणाकडं गेली होती. ती जवळ आली, एक फूल उलटं करून बघितलं, मग मुळाशी घातलेली मातीची भर बघितली. आता ही बोंब मारणार, पाडा गोळा करणार! पारूनं पदर खोचला, उत्तरं तयार ठेवली.

"हितं ऊन लागतंय गं याला," जयवंती म्हणाली. "वेल सुकला की कंद जिथं व्हता तिथं नेऊन लाव. तवर थोडी फुलं नेऊ का? मादीच्या फुलांवर चोळून बघते."

"ने," पारूच्या तोंडून कसंबसं निघालं.

जयवंतीनं ओंजळभर फुलं पदरात घेतली आणि तशीच डोंगराला लागली. तिनं एक शिवी दिली असती, तर पारूनं दोन परत केल्या असत्या आणि फिटंफाट झाली असती. तेवढंही दिलं नाही बाईनं. जयवंतीची टोपली रिकामी झाली तरी पारूचा हेवा काही गेला नाही, उलट वाढला. "कसं जमतं गं हिला?" ती करवादली, आणि कुंपणाशी बसून ढसाढसा रडली.