नितळ पाण्यानं खळ निघेना

टॉवेलच्या तुकड्यावर आयोडीनचा थेंब टाकला. पुन्हा निळा डाग. सकाळपासून तेच चाललं होतं. मालक दारात येऊन उभे राहिले.

"बाई, संध्याकाळपर्यंत निळं पडायचं थांबलं न्हाय तर लॅब बंद. मुंबईचा माल परवडला."

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका डायहाउसमध्ये, म्हणजे सूत-कापड रंगवण्याच्या कारखान्यात, मी केमिस्ट होते, तीही प्रोबेशनवर. लॅब बंद म्हणजे नोकरी बंद. नुकतंच आई-वडिलांना बार्शीहून आणून बिऱ्हाड थाटलं होतं. मला एका जागी बसवेना.

विणताना सूत तुटू नये म्हणून त्याला स्टार्चची खळ लावतात. ती नंतर निघाली नाही तर रंग धड बसत नाही. आयोडीननं निळं झालं, म्हणजे खळ शिल्लक. ती तोडणारं एन्झाइम काही जिवाणू तयार करतात. मुंबईहून येणारं विकतचं महाग, म्हणून मी ते जिवाणू पिंपात वाढवले होते.

रंगमास्तर रामय्या पिंप सांभाळत. गढूळ पाण्यानं कापडावर डाग पडतील, असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून मी पिंपातलं पाणी फडक्यातून गाळून गाळून नितळ केलं आणि त्यात टॉवेल भिजवला. ते जास्त घातलं, कोमट करून पाहिलं. काही उपयोग नाही.

दुपारी वैतागून फडक्यावर उरलेला जिवाणूंचा चिकट गाळ फेकायला निघाले. फेकण्याआधी सहज त्यात स्टार्चची पेज कालवली, थोडं थांबून आयोडीन टाकलं. निळं झालंच नाही. तेव्हा डोक्यात उजेड पडला. या जिवाणूंचं एन्झाइम पाण्यात उतरतच नव्हतं. पेशीच्या बाहेरच्या अंगाला चिकटून बसत होतं. मी जिवाणू फेकत होते, त्यांच्याबरोबर एन्झाइमही.

आता ते सोडवायचं कसं? असं चिकटणं बऱ्याचदा विजेच्या अधिक-उणे भारांच्या ओढीनं होतं, आणि मिठानं ती ओढ सैल पडते. डायहाउसमध्ये मिठाची पोती होतीच. गाळ खारट पाण्यात ढवळला, पाणी गाळलं आणि त्यात टॉवेल भिजवला.

संध्याकाळी मालकांसमोर थेंब टाकला. तो पिवळाच राहिला. मला रडूच येणार होतं. कसं जमलं, त्यांनी विचारलं. मी आनंदाच्या भरात सगळं सांगून टाकलं, मीठ किती, ढवळायचं किती वेळ, सगळं.

"लई सोपं हाय की," मालक म्हणाले. "पिंप रामय्या बघतातच, मीठ बी तेच घालतील. मग लॅब कशाला?"

महिनाअखेरीला मला सोडलं. पुढच्या प्रत्येक नोकरीत मी एक पथ्य पाळलं. आधी कायम झाल्याची ऑर्डर, मग उपाय.