शेजारचे कानोबा

भिंतीला कान असतात ही म्हण आमच्या आईनं आयुष्यभर वापरली, पण ती शब्दशः खरी ठरलेली बघायला तिला नॉटिंगहॅमला यावं लागलं. आमचं घर म्हणजे जोडघराचा अर्धा भाग. अलीकडे आम्ही, पलीकडे एक वयस्कर जर्मन आणि मध्ये एकच सामायिक भिंत. राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता, तेवढ्यात हे गृहस्थ हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन दारात उभे राहिले. उंच, किंचित वाकलेले, कोपरांना ठिगळं लावलेला स्वेटर. म्हणाले, तुमच्याकडे वाफेचं एक भांडं आहे, त्याची तब्येत बरी नाही. माझ्या बायकोला वाटलं, शिट्ट्यांची तक्रार करायला आलेत. त्यांनी मात्र सरळ ओट्याशी जाऊन कुकरचं झाकण उघडलं आणि आतली रबरी रिंग काढून आमच्यापुढे धरली. रिंगेला चीर गेली होती.

त्यांचं नाव कार्ल. आडनाव इतकं अवघड होतं की पोस्टमनही त्याच्या वाटेला जात नसे. वडील गेल्यावर आई दाभोळहून कायमची माझ्याकडे आली होती. तिनं कुकरचा किस्सा ऐकला आणि त्यांचं बारसं करून टाकलं: कानोबा. पुढे आमची मुलगी, माझी बायको, मी, सगळे त्यांना कानोबाच म्हणू लागलो. याचा अर्थ काय असं त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे हे एका देवाचंही नाव आहे. त्यावर त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "देवाला इतकं ऐकू येत असेल तर त्याची झोप होत नसेल."

लढाईत ते जर्मन आरमारात होते, पकडले गेले, कैदी म्हणून इंग्लंडला आले आणि इथल्याच एका मुलीशी लग्न करून राहिले, एवढं आम्हाला ठाऊक होतं. पुढे सगळी नोकरी मोज्यांच्या कारखान्यात, मशीन दुरुस्तीची. बायको वारलेली, मूलबाळ नाही. गल्लीतल्या प्रत्येकाची चाल त्यांना पाठ होती. पडद्याआडून न बघताच कोण चाललंय ते सांगत. माझी मुलगी शाळेतून आल्यावर बातमी आणायची, "आजी, कानोबा म्हणाला माझी खोकला आता मच बेटर आहे." आजी आधी 'म्हणाले' अशी दुरुस्ती करायची आणि मग खोकल्याची चौकशी. खोकला खरोखरच कमी झालेला असायचा.

पण त्यांचं खरं वैशिष्ट्य कानात नव्हतं, जिभेत होतं. जे ऐकलं तेवढंच सांगायचं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. एकदा कोपऱ्यावर त्यांच्याच जिवलग मित्राच्या गाडीनं दुसऱ्या गाडीला धडक दिली. मित्राची अपेक्षा, कार्ल माझ्या बाजूनं बोलेल. कानोबा पोलिसाला म्हणाले, आधी आदळल्याचा आवाज आला, ब्रेकचा नंतर. मित्रानं वर्षभर बोलणं टाकलं. मी म्हटलं, गप्प राहायचं होतंत. ते म्हणाले, "डॉक्टर, कानानं खोटं बोलायचं नसतं. मी एकदा बोललोय." पुढे विचारायचं धाडस मला झालं नाही.

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर. थोडक्यात, आमचे दोघांचे धंदे ऐकण्याचेच. एका हिवाळ्यात त्यांना ब्राँकायटिस झाला तेव्हा मी घरीच तपासलं. स्टेथोस्कोप पाठीवर दोन-चार ठिकाणी टेकवला आणि काढला. ते वळून म्हणाले, "तुम्ही कान फार लवकर काढता." मला राग आला. पंधरा वर्षं छात्या तपासतोय आणि हा मोजेवाला मला शिकवणार! पण ते थट्टा करत नव्हते. शर्टाची बटणं लावता लावता खाली बघून बोलले होते.

आईला इंग्रजी येत नव्हतं, त्यांना मराठी येणं शक्य नव्हतं, तरी दोघांचं छान जमलं. आई थालीपीठ लावो, माशाचं कालवण करो, कानोबांचा वाटा ठरलेला. बोलावण्याची पद्धत तिनंच काढली. लाटण्यानं मधल्या भिंतीवर ठोकायचं. तिचा हात खाली यायच्या आत पलीकडची खुर्ची सरकलेली ऐकू यायची. एकदा तर ते एका गालाला दाढीचा फेस तसाच ठेवून आले. माझी बायको हसून म्हणाली, काय हा खादाडपणा. आईनं तिला गप्प केलं. कुणी हाक मारली तर त्याला ताटकळत ठेवू नये, एवढी रीत त्या माणसाला आहे, असं तिचं म्हणणं होतं.

आईचा थोरला भाऊ, आमचा मामा, लढाईच्या काळात मालवाहू बोटीवर होता. दाभोळची कितीतरी माणसं तेव्हा बोटीवर जात. मामा बोटीच्या पोटात, बॉयलरला कोळसा घालायच्या कामावर होता. बोट विलायतेकडे निघाली ती पोचलीच नाही. कंपनीचा माणूस येऊन 'बेपत्ता' एवढंच सांगून गेला. परत आलेले खलाशी म्हणत, जर्मन पाणबुडीनं घेतली असणार. आईची आई, माझी आजी, म्हणाली, बेपत्ता म्हणजे मेला नव्हे. तिनं त्याचं क्रियाकर्म करू दिलं नाही आणि मरताना आईकडून तसं वचन घेतलं. त्यामुळे पितृपक्षात आमच्याकडे सगळ्या गेलेल्यांची पानं वाढली जात, मामाचं तेवढं नाही. भाऊबीजेला आई चंद्राला ओवाळी. भाऊ लांब असला की ओवाळतात तसं. आता तिचंही वय होत चाललं होतं. कधीतरी दिवा लावता लावता म्हणायची, मी गेल्यावर याला ना कुणी ओवाळणार, ना कुणी पाणी देणार. मेला तरी अधांतरी, जगला तरी अधांतरी.

नॉटिंगहॅमला नोव्हेंबरात बीजेची कोर दिसायची म्हणजे नशीबच लागतं. दिसलीच तर कानोबांच्या धुराड्यावर दिसायची. आई शालीवर शाल घेऊन, तबक हातात धरून मागच्या बागेत उभी राहायची आणि ढग असले तरी त्या धुराड्याच्या दिशेनं ओवाळायची. एका वर्षी कानोबांनी कुंपणावरून मला विचारलं, तुमची आई दर वर्षी माझ्या घराची पूजा का करते? मी हसत हसत सगळं सांगितलं. भाऊ, बोट, कोळसा, पाणबुडी. सांगून होईतो ते हसायचे थांबले होते. 'गुड नाइट' म्हणाले आणि आत गेले.

त्यानंतर त्यांचं येणं बदललं. लाटणं वाजलं की यायचे, पण दारातच ताटली घेऊन परत जायचे. आईला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. मग एका रविवारी दुपारी ते सूट आणि टाय घालून आले. मला म्हणाले, "मला तुमच्या आईशी बोलायचंय. मी सांगेन तसं तुम्ही मराठीत सांगा."

ते पाणबुडीवर होते. त्यांचं काम ऐकण्याचं. पाण्याखाली गेलेल्या पाणबुडीला डोळे नसतात. सगळी भिस्त एका माणसाच्या कानावर, आणि तो माणूस म्हणजे हे. विशीतला पोरगा. एका कपाटाएवढ्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसायचं, हातानं चाक फिरवत समुद्र चाचपायचा. बाकीचे श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे बघत. मालवाहू जहाजाचा पंखा कोसावरून कळायचा, भरलेली बैलगाडी चढ चढते तसा जड, दमलेला. त्यांनी दिशा सांगायची, कप्तानानं टॉर्पेडो सोडायचा. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो. आमचा कुकर दुरुस्त करणारा हा माणूस सबंध अटलांटिक कानात घेऊन बसला होता.

आई ऐकत होती. एवढी वर्षं 'त्यांना' म्हणणारी आई पहिल्यांदाच म्हणाली, "त्याला विचार, बॉयलरपाशी असतात त्यांचं काय होतं."

कानोबा म्हणाले, टॉर्पेडो तिथेच मारायचा असतो, जहाजाच्या मध्यावर. तिथली बहुतेक माणसं त्याच क्षणी जातात. मी मनात म्हटलं, आता इथे थांबा. पण ते थांबले नाहीत. म्हणाले, धडाका झाला की सगळ्यांना आनंद व्हायचा, माणसं एकमेकांच्या पाठी थोपटायची. मला मात्र हेडफोन काढता यायचा नाही. दुसरी लढाऊ जहाजं येतायत का ते ऐकायचं असायचं. त्यामुळे बुडणारं जहाज फक्त मी ऐकायचो. पोलाद वाकायचं. आतल्या भिंती एकामागून एक फुटायच्या. आणि एकदा, सगळं शांत झाल्यावर, कुणीतरी आतून लोखंडावर लोखंड ठोकत होतं.

मी आईला सांगितलं की जहाज बुडताना पुष्कळ आवाज होतात. कानोबांनी माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टर, मी बरंच बोललो. तुम्ही थोडंच बोललात."

मग मी सगळं सांगितलं. आईनं पदर तोंडाशी नेला. भिंतीकडे बघितलं, ओट्यावरच्या लाटण्याकडे बघितलं. तेव्हा मलाही कळलं, दाढीचा फेस घेऊन हा माणूस का धावत येत होता.

ते पुढे म्हणाले, कप्तानानं विचारलं, काही ऐकू येतंय? मी म्हटलं, काही नाही. एवढंच एक खोटं. खरं सांगूनही कुणाला काही करता आलं नसतं, पण मी नाही म्हटलं. नंतर आमची पाणबुडी बुडाली तेव्हा इंग्रज खलाशांनी मला केसांना धरून वर ओढलं आणि हातात गरम चहाचा मग दिला. मी ओरडलोही नव्हतो, तरी त्यांनी मला शोधलं. "ते जहाज तुमच्या भावाचं होतं की नाही, मला माहीत नाही. बहुधा नसेल. मी ऐकलं तेवढं सांगतोय."

आईनं तोंडाशी धरलेला पदर खाली घेतला. मग तिनं विचारलं, "ठोकणं थांबल्यावर त्यांनी कान काढले, की आधीच?"

तो 'त्यांनी' ऐकून मला हायसं वाटलं. मी विचारलं. कानोबा म्हणाले, "थांबल्यावर. त्यानंतरही बराच वेळ नाही काढले."

"मग कुणीतरी होतं," आई म्हणाली. "मला वाटायचं, माझा दादा ओरडला असेल आणि त्या एवढ्या पाण्यात कुणालाच कळलं नसेल. ज्याचा कुणाचा भाऊ होता तो, त्याचं शेवटपर्यंत ऐकलं कुणीतरी." आणि ती उठून चहा टाकायला गेली. कानोबा टायची गाठ धरून रडत होते, अगदी आवाज न करता.

पुढच्या पितृपक्षात आईनं मामाचं पान वाढायला सांगितलं. आजीला दिलेलं वचन मोडतेस का, असं मी विचारलं नाही. तिनं आपण होऊनच सांगितलं, आईला मी वर गेल्यावर समजावीन. भाऊबीजेला ती पुन्हा बागेत गेली. भाऊ नसलेलीही चंद्रालाच ओवाळते, त्यामुळे बघणाऱ्याला काही फरक दिसला नसता. कानोबा कुंपणापलीकडे टोपी काढून उभे होते. काही जण मला विचारतात, मग तिनं त्यांना भाऊ मानलं का? नाही. ते शेजारी होते आणि शेजारीच राहिले. लाटणं मात्र वाजत राहिलं. मला वाटलं होतं ती आता फोन करत जाईल. पण त्या रविवारनंतर दुसऱ्याच दिवशी तिनं ठोकलं आणि ते आले.

पुढे पुढे त्यांचे कान गेले. कानाला लावायचं यंत्र मिळालं, ते त्यांनी खणात टाकलं. याच्यात फक्त माझा स्वतःचा फ्रीज ऐकू येतो, म्हणायचे. जेवणाची वेळ झाली की भिंतीला तळहात लावून बसायचे, म्हणजे लाटणं हाताला कळे. आई मग जरा जोरात ठोकायची. एका थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला आणि आमच्याच वॉर्डात आले. शेवटच्या दुपारी मी त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि काढला नाही. श्वास थांबला, हृदय थांबलं, नर्स माझ्याकडे बघायला लागली, तरी मी ऐकत उभा होतो. आजही कुठल्याही पेशंटच्या छातीवरून कान काढताना मी थोडा थांबतो. हाताखालचे तरुण डॉक्टर त्यावरून माझी थट्टा करतात.

कानोबा गेले त्या वर्षीच्या पक्षाला बर्मिंगहॅमहून गुरुजी आले होते. आठवडाभर बँकेत नोकरी आणि शनिवार-रविवार भिक्षुकी असे ते गुरुजी. स्वयंपाक झाला, पानं मांडली आणि आईनं सवयीनं लाटणं घेऊन भिंतीवर ठोकलं. पलीकडचं घर रिकामं होतं, बाहेर विक्रीची पाटी होती. आम्ही सगळे जागच्या जागी थबकलो. आईनं लाटणं हळूच खाली ठेवलं आणि म्हणाली, "येतील. हाकेला कधी उशीर केला नाही त्यांनी."

तर्पणात वडील झाले, आजी झाली, मामा झाला. गुरुजींनी विचारलं, आणखी कुणी आप्त, मित्र? आई खुर्चीतून म्हणाली, आहेत. गुरुजींनी नाव विचारलं. मी म्हटलं, कार्ल. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "गोत्र?"

मी आईकडे बघितलं.

"काश्यप," ती म्हणाली. "ज्याचं गोत्र माहीत नसतं त्याचं काश्यप असतं. सांगा, गुरुजी."

गुरुजींनी मंत्रात कार्लचं नाव आणि काश्यप गोत्र घेतलं. मी ओंजळीत पाणी घेतलं, त्यात तीळ घातले आणि ते बोटांवरून सावकाश खाली सोडलं.